आंतरराष्ट्रीय ठरावांचे निरसन

आंतरराष्ट्रीय संघटनेने पूर्वी संमत केलेला ठराव, किंवा त्यातील एखादा भाग, सदस्य-राष्ट्रांनी नव्या मतदानाने रद्द करण्याची प्रक्रिया. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत यासाठी स्वतंत्र कलम नाही. ज्या सभेने ठराव केला तीच सभा पुढे दुसरा ठराव करून तो मागे घेऊ शकते, या तत्त्वावर ही प्रथा चालते. एकट्या सदस्याला, मग त्याने मूळ ठरावाला कितीही विरोध केलेला असो, तो मोडीत काढता येत नाही.

आमसभेच्या कार्यपद्धतीच्या ८१ व्या नियमाप्रमाणे संमत किंवा नामंजूर झालेल्या प्रस्तावाचा त्याच अधिवेशनात फेरविचार करायचा असल्यास उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. पुढील अधिवेशनांत ही अट राहत नाही. तरीही आमसभेने उघडपणे निरसन केल्याची उदाहरणे मोजकीच आहेत. कालबाह्य ठराव बहुधा तसेच पडून राहतात, आणि ठराव अधिकृतपणे मागे घेणे व तो विस्मृतीत जाऊ देणे यांतील फरक त्यामुळे पुसट होतो.

हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून राजदूत परत बोलावण्याची १९४६ ची शिफारस आमसभेने १९५० मध्ये मागे घेतली. त्या राजवटीवर १९४६ मध्ये ठेवलेला ठपका मात्र मागे घेतला नाही. अधिक गाजलेले उदाहरण ३३७९ क्रमांकाच्या ठरावाचे आहे. झायोनिझम (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ) हा वंशवादाचा एक प्रकार असल्याचे ठरवणारा हा ठराव १० नोव्हेंबर १९७५ रोजी ७२ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला. ३२ राष्ट्रे तटस्थ राहिली. १६ डिसेंबर १९९१ रोजी ४६/८६ या ठरावाने तो निष्कर्ष रद्द केला, तेव्हा १११ मते बाजूने, २५ विरोधात पडली आणि १३ राष्ट्रे तटस्थ होती. भारताने दोन्ही वेळा बाजूने मत दिले. या दुसऱ्या ठरावाचा निर्णायक मजकूर अवघ्या एका वाक्याचा असून त्यात निरसनाचे कारण दिलेले नाही. सोळा वर्षांत जगाचे मत का पालटले हे अधिकृत मजकुरात नोंदले जायला हवे होते; ते न झाल्याने शीतयुद्धाचा शेवट व पश्चिम आशियातील शांतता-वाटाघाटी या संदर्भांवरूनच त्याचा अर्थ लावावा लागतो.

सुरक्षा परिषदेत हा प्रश्न खरा बिकट होतो. मुदत न घातलेले निर्बंध उठवायला नवा ठराव लागतो आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणीही तो नकाराधिकाराने रोखू शकतो. यालाच अभ्यासक ‘उलटा नकाराधिकार’ म्हणतात. निर्बंध लादायला नऊ मते आणि पाचही स्थायी सदस्यांचा अविरोध लागतो, पण ते चालू ठेवायला एका सदस्याचा नकार पुरतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकवर लादलेले व्यापक व्यापारी निर्बंध मे २००३ पर्यंत टिकले, आणि त्यांची झळ सामान्य जनतेला बसली. नंतरच्या बऱ्याच ठरावांत निर्बंधांना ठरावीक मुदत घातली जाऊ लागली, म्हणजे ते चालू ठेवू इच्छिणाऱ्यांनाच पुन्हा मते मिळवावी लागतात. सदस्यांना निरसनाचा खराखुरा मार्ग देणारी हीच सर्वांत सरळ तरतूद आहे.

इराणच्या अणुकराराला मान्यता देणाऱ्या २२३१ क्रमांकाच्या ठरावाने (२०१५) नेमकी उलट योजना केली होती. करारातील सहभागी राष्ट्राने गंभीर उल्लंघनाची सूचना दिल्यानंतर ३० दिवसांत निर्बंधांतील सवलत चालू ठेवणारा ठराव संमत झाला नाही, तर जुने निर्बंध आपोआप परततात, अशी ती तरतूद होती. ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी यांनी २८ ऑगस्ट २०२५ रोजी तिचा वापर केला आणि सप्टेंबरअखेर निर्बंध पुन्हा लागू झाले. रशिया व चीन यांनी मात्र ही कृती वैध मानली नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने निरसनाचा अधिकार थेट आपल्या घटनेतच घातला. कालबाह्य करार दोन-तृतीयांश मतांनी रद्द करण्याची मुभा देणारी दुरुस्ती १९९७ मध्ये स्वीकारली गेली, परंतु पुरेशी अनुसमर्थने मिळून ती अमलात यायला २०१५ साल उजाडले. तेथे सरकारांबरोबर मालक व कामगार यांचे प्रतिनिधीही मत देतात, आणि २०१७ मध्ये या अधिकाराचा प्रथम वापर झाला तेव्हा रद्द झालेल्या करारांत स्त्रियांच्या रात्रपाळीविषयीचा १९१९ चा करारही होता.