तारण काय देणार? भारतातल्या स्टार्टअपमागच्या पैशाची गोष्ट

भारतातल्या स्टार्टअपचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण फ्लिपकार्टपासून सुरुवात करतात. सरकारी कागदपत्रांत तो १६ जानेवारी २०१६ ला सुरू होतो, कारण त्या दिवशी 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा नारळ फुटला. पण डोकेबाज पोरं आणि कल्पना या देशात त्याआधीही होत्या. नव्हता तो बुडाला तरी चालेल असा पैसा. बँकेत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: तारण काय देणार? ज्याच्याकडे जमीन, घर, यंत्रं असत त्याला कर्ज मिळे. ज्याच्याकडे नुसता डोक्यातला प्रोग्राम असे त्याला फार तर चहा मिळे.

१९८१ साली पटनी कॉम्प्युटर सोडून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल काय, तर सुधा मूर्तींनी साठवलेले १० हजार रुपये. ही कथा इतक्या वेळा सांगून झालीय की तिची परीकथा झाली आहे. पण तिच्यातला व्यवहार लक्षात घ्यायला हवा. घरातल्या एका पगारदार माणसाची बचत, हाच त्या काळचा जोखमीचा पैसा होता. बाहेरून कॉम्प्युटर आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागत, आणि फोनची जोडणी मिळायची तर वाट बघत बसायचं. दोन वर्षांत कंपनी बंगळुरूला गेली. पुणेकरांची ही हळहळ अजून गेलेली नाही.

पुढची गंमत अशी की भारतात व्हेंचर कॅपिटल, म्हणजे जोखीम घेऊन नव्या धंद्यात घातलेला पैसा, आला तो सरकारच्याच दारातून. १९८६ मध्ये परदेशी तंत्रज्ञान विकत घेणाऱ्यांवर ५ टक्के उपकर बसवला गेला आणि त्यातून नव्या तंत्रज्ञानाच्या उद्योगांसाठी निधी उभा करायचं ठरलं. १९८८ मध्ये आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगळुरूत टीडीआयसीआय नावाची कंपनी काढली. मुंबईच्या मास्टेकसारख्या सॉफ्टवेअर कंपनीत तिनं पैसे घातले. कर्ज नव्हे, भागभांडवल. धंदा चालला तर सोबत कमवू, नाही तर सोबत बुडू. बँकेच्या चौकटीत वाढलेल्या माणसांच्या पचनी ही भाषा पडायला वेळ लागला.

लोकांच्या तर त्याहून जास्त. परवाना राज १९९१ ला गेलं, १९९३ च्या फेब्रुवारीत इन्फोसिसनं ९५ रुपयांना आपला शेअर बाजारात आणला, आणि तो पुरता खपलाच नाही. शेवटी मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेनं १३ टक्के हिस्सा उचलला म्हणून निभावलं. 'आमच्याकडेही तो फॉर्म आला होता हो' असं सांगणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत भेटतात. मात्र त्याच कंपनीनं कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि १९९९ मध्ये ती नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेली. बापजाद्यांची पेढी नसलेल्या, पगारावर वाढलेल्या माणसांच्या हातात पहिल्यांदाच गरजेपेक्षा जास्त पैसा आला. त्यातला थोडा पुढच्या पोरांच्या कंपन्यांकडे वळला.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सामान्य ग्राहकाला खुलं केलं. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी इंडियावर्ल्ड सुरू केलं. बातम्यांसाठी समाचार, क्रिकेटसाठी खेल, पाककृतींसाठी बावर्ची, शोधायला खोज, अशी साधी देशी नावं. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेनं हे सगळं ४९९ कोटी रुपयांना विकत घेतलं. विकलं काय, तर नुसती संकेतस्थळं! कारखाना नाही, गोदाम नाही. त्या आकड्यानं गावोगावच्या इंजिनिअर पोरांची झोप उडवली. काही महिन्यांतच, मार्च २००० नंतर, नॅस्डॅकचा फुगा फुटला आणि पैसा आला तसा गेला. संजीव बिखचंदानींच्या नोकरी डॉट कॉमसारखे मोजके तगले. तिची मूळ कंपनी इन्फो एज २००६ मध्ये शेअर बाजारात उतरली.

या सगळ्या गदारोळात पुण्यात वेगळीच चाल चालू होती. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट सुरू केली होती आणि ती अमेरिकी कंपन्यांसाठी मुकाट्यानं सॉफ्टवेअर घडवत होती. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत, धंदा कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा. बँकांमध्ये कॉम्प्युटर येताना दिसले तसे ते त्यांच्या दुरुस्तीकडे वळले. व्हायरसनं बिघडलेली यंत्रं समोर येऊ लागली, तेव्हा कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय याला त्यांनी त्यावर उतारा लिहायला सांगितलं. त्यातून क्विक हील आलं. ते विकलं गेलं दुरुस्तीच्या दुकानातूनच, आणि गिऱ्हाइकाच्या रोखीवर कंपनी वाढली. सिक्वोया या व्हेंचर कॅपिटल कंपनीनं त्यात ६० कोटी घातले ते २०१० मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे पालुपद आळवणाऱ्यांनी या कंपनीचे जुने ताळेबंद वाचावेत.

मोठा पैसा आला तो बाहेरून. २००७ मध्ये सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी स्वतःचे सुमारे ४ लाख घालून फ्लिपकार्टवर पुस्तकं विकायला सुरुवात केली. २००९ मध्ये अ‍ॅक्सेल, मग टायगर ग्लोबल, अशा परदेशी फंडांनी पैसे घातले. कार्ड फार थोड्यांकडे आणि विश्वास त्याहून थोड्यांचा, हे ओळखून त्यांनी २०१० मध्ये 'वस्तू हातात आल्यावर पैसे द्या' ही सोय आणली. किराणा दुकानदाराला यात नवं काहीच वाटलं नसतं, पण ऑनलाइन धंदा उभा राहिला तो यावर. जुलै २०१४ मध्ये फ्लिपकार्टनं एका झटक्यात १ अब्ज डॉलर उभे केले. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅमेझॉननं भारतासाठी २ अब्ज जाहीर केले. सवलतींचा जो पाऊस आपण अनुभवला तो या दोन आकड्यांमधून पडत होता. २०१८ मध्ये वॉलमार्टनं १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. मुंबईत सुरू झालेल्या ओला आणि इनमोबीही तोवर बंगळुरूकर झाल्या होत्या.

देशी पैसा या काळात कुठे होता? तो कायद्याच्या धाकात होता. २०१२ च्या अर्थसंकल्पानं एक कलम आणलं: नव्या कंपनीला शेअरच्या 'वाजवी' किमतीपेक्षा जास्त रक्कम मिळाली तर वरची रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर कर लावायचा. हेतू काळा पैसा रोखण्याचा. परदेशी गुंतवणूकदार यातून वगळलेले, आणि ओळखीच्या पोराच्या कंपनीत २५ लाख घालणारा पुण्या-नाशिकचा डॉक्टर मात्र संशयित. एंजल टॅक्स म्हणतात तो हाच. २०२३ मध्ये परदेशी पैसाही त्यात ओढला गेला आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो करच रद्द झाला. माझ्या मते त्या बारा वर्षांत या कलमानं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्याही मंदीनं केलं नाही. कित्येक कंपन्यांनी आपला पत्ताच सिंगापूरला नेला, त्यामागे असल्या करांचाही वाटा होता. फोनपे २०२२ मध्ये परत आली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना ८ हजार कोटींच्या घरात कर भरावा लागला.

सरकारनं केलेलं खरं मोठं काम वेगळ्याच खात्यात होतं. पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. यूपीआय आणि जिओ दोन्ही २०१६ चे. ओळख पटवणं, पैसे घेणं आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचणं, या तिन्हींचा खर्च जवळजवळ शून्यावर आला.

२०२१ मध्ये चाळीसहून जास्त भारतीय कंपन्या अब्ज डॉलरच्या घरात गेल्या, आणि जोखीम शेवटी सामान्य माणसाच्या डीमॅट खात्यात उतरली. जुलैत झोमॅटो शेअर बाजारात आली. नोव्हेंबरात नायका आली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर बँकिंग सोडून फाल्गुनी नायर यांनी मुंबईत काढलेली. त्याच महिन्यात पेटीएमनं १८,३०० कोटी उभे केले. शेअर २,१५० चा, आणि पहिल्याच दिवशी २७ टक्क्यांनी खाली. कधीकाळी २२ अब्ज डॉलर किमतीची म्हणून मिरवलेली ऑनलाइन शिकवणीची बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तीही क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून.

सरकारी मान्यता मिळालेल्या स्टार्टअपची संख्या जानेवारी २०२५ पर्यंत दीड लाखांवर गेली, त्यात महाराष्ट्र पहिला. लघुउद्योगांसाठीच्या सिडबी या बँकेकडे सरकारनं दिलेला १० हजार कोटींचा निधी थेट कंपन्यांना मिळत नाही. तो खासगी फंडांना दिला जातो आणि त्यांनी त्याच्या निदान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये घालायची असते. ऑक्टोबर २०२२ पासून बँकांनी स्टार्टअपला तारणाशिवाय दिलेल्या कर्जालाही सरकारची हमी मिळू लागली. सुरुवातीची मर्यादा १० कोटींची होती. म्हणजे बँकेचा पहिला प्रश्न अजून तोच आहे. फक्त तारणाच्या रकान्यात आता सरकारचं नाव लिहिता येतं.