प्रोस्टेटच्या एमआरआयत ‘डिफ्युजन’ला पहिला मान कसा मिळाला

गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून आणलेला प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) एमआरआय अहवाल डिचोली-फोंड्याकडच्या घरात वाचला जातो, तेव्हा वाचणारा ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’पाशी अडखळतो. लघवीचा त्रास आधीच असतो, म्हणून हा अडथळाही तिथलाच वाटतो. तसे नाही. इथे अडलेली असते ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. निरोगी ग्रंथीत पाण्याला फिरायला पोकळ्या असतात. कर्करोगाच्या पेशी दाटल्या की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी गत होते, पाऊल सरकत नाही. अशी जागा डिफ्युजनच्या चित्रात पांढरी आणि एडीसी नकाशावर, म्हणजे पाण्याची हालचाल आकड्यांत मोजून काढलेल्या चित्रावर, काळी दिसते. दोन्ही जुळायला हवे. नुसता पांढरा डाग फसवतो.

ही हालचाल मोजण्याची मूळ युक्ती १९६५ची. १९८०च्या दशकात ती मेंदूच्या चित्रांत आली. प्रोस्टेटला उशीर लागला, कारण शेजारीच गुदाशय आणि त्यातल्या वायूने चित्र वेडेवाकडे होते.

वाद पेटला तो २०१५च्या निर्णयावर. पाय-रॅड्स म्हणजे प्रोस्टेटच्या एमआरआयवर कर्करोगाच्या संशयाला १ ते ५ गुण देण्याची पद्धत. २०१२च्या तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक प्रकारच्या चित्राला वेगळे गुण होते, पण त्यांतून एकच निकाल कसा काढायचा हे मोघम होते. २०१५च्या दुसऱ्या आवृत्तीने ते मिटवले. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, जिथे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात, डिफ्युजनचा शब्द अखेरचा; आतल्या भागात टी-टूचा, म्हणजे ग्रंथीची रचना दाखवणाऱ्या एमआरआय चित्राचा. शिरेतून रंगद्रव्याचे (कॉन्ट्रास्टचे) इंजेक्शन देऊन काढलेल्या चित्राकडे बाहेरच्या भागात ३ गुणांचे ४ करण्यापुरताच अधिकार उरला. एडीसीचा आकडा यंत्रागणिक बदलतो, मग त्याच चित्रावर एवढा भार का, हा आक्षेप रास्तच होता. तरी निर्णय योग्य होता असे मला ठामपणे वाटते, कारण इंजेक्शनशिवायच्या तपासणीची वाट त्यानेच सोपी केली.

२०१७मध्ये ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांच्या अभ्यासात घातक कर्करोग हेरण्यात एमआरआय ९३ टक्के, तर नेहमीची बायोप्सी (सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासणे) ४८ टक्के यशस्वी ठरली. पुढच्या वर्षी ५०० जणांच्या चाचणीत आधी एमआरआय केलेल्या गटात असा कर्करोग ३८ टक्क्यांना सापडला, थेट बायोप्सीच्या गटात २६ टक्क्यांना. दोन्हींत इंजेक्शन होते. २०२५च्या चाचणीत ते वगळूनही निदान कमी पडले नाही, मात्र चित्रे चांगली निघाली होती. म्हणून पेडण्याहून पहाटे निघणाऱ्या रुग्णाला आदल्या दिवशीच ‘पोट साफ करून या’ असे नीट समजावणे फार मोलाचे. डिफ्युजनचे चित्र वायूने बिघडले, तर इंजेक्शन आजही लागू शकते.