शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातला दिवा: मुडदुसापासून यूव्ही निर्देशांकापर्यंत

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणाऱ्याला आज दोन दिवे घ्यायला सांगतात: ऊब देणारा साधा बल्ब आणि यूव्हीबी देणारी लांब ट्यूब. यातल्या दुसऱ्या दिव्याची कथा सरड्यांपासून नव्हे, आजारी मुलांपासून सुरू होते. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या क्वार्ट्झ दिव्याचा प्रकाश सोडला आणि त्यांची हाडं सुधारू लागली. कारण पुढे उलगडलं. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण, म्हणजेच यूव्हीबी, कातडीत ड३ जीवनसत्त्वाची घडण सुरू करतात. ते जीवनसत्त्व कमी पडलं तर अन्नातलं कॅल्शियम शरीराला नीट लागत नाही.

हे ज्ञान पाळीव सरड्यांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. उबेचा बल्ब आणि खिडकीतलं ऊन पुरेल असं मानलं जाई. पण साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. वाकलेले पाय, मऊ पडलेला जबडा, भक्ष्यापर्यंत न पोहोचणारी जीभ ही त्याची फळं. ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक ट्यूब दिसायला दिवसाच्या उजेडासारख्या होत्या, पण त्यांत यूव्हीबी नगण्य असे. खास सरीसृपांसाठीच्या ट्यूब १९९०च्या दशकात रुळल्या.

मग आले कॉम्पॅक्ट बल्ब. २००० नंतरच्या दशकात त्यांतल्या काहींमधून नको इतक्या आखूड लांबीचे किरण निघत असल्याचं दिसून आलं. प्राण्यांचे डोळे सुजून मिटू लागले. नजरेनेच शिकार करणाऱ्या शॅमेलिऑनसाठी मिटलेले डोळे म्हणजे उपासमार.

माझ्या मते खरा बदल दिव्यात नाही, मोजमापात झाला. ट्यूबवरचा यूव्हीबीच्या प्रमाणाचा ५ किंवा १० टक्क्यांचा आकडा फांदीवर काय पोहोचतं ते सांगतच नाही. अंतर वाढलं की मात्रा घटते, पिंजऱ्यावरची जाळीही बराच वाटा खाते. माणसांच्या उन्हाच्या इशाऱ्यासाठी १९९२ मध्ये कॅनडात सुरू झालेला यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, इथे कामी आला. संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानातले सरडे आणि साप जिथे सापडत तिथलाच निर्देशांक मोजला आणि २०१० मध्ये ऊन खाण्याच्या सवयींनुसार त्यांचे चार गट मांडले. पँथर आणि व्हेल्ड या जातींच्या शॅमेलिऑनसाठी ऊन खाण्याच्या फांदीवर आज साधारण ३ निर्देशांक धरतात.

त्याआधी, २००९ मध्ये, पँथर शॅमेलिऑनवरचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आहारात ड३ कमी मिळालेले प्राणी अतिनील प्रकाशात जास्त वेळ थांबत, भरपूर मिळालेले कमी. किती ऊन घ्यायचं ते प्राणी स्वतः ठरवतो! म्हणजे सगळा पिंजरा सारखा उजळणं ही चूकच. वरच्या फांदीवर प्रखर प्रकाश, खाली दाट पानांची सावली, आणि मधे चढ-उतारासाठी फांद्या, अशी मांडणी हवी. टी५ नावाची बारीक ट्यूब लांबलचक असल्याने तिचा प्रकाश पसरट पडतो. एका ठिपक्यावर एकवटत नाही. म्हणून तीच आता पहिली पसंती आहे.

रात्रीसाठी विकले जाणारे लाल-निळे बल्ब मात्र लावूच नयेत. शॅमेलिऑनला झोपायला पूर्ण अंधार आणि थोडा गारवा लागतो. आणि ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिचं यूव्हीबी महिन्यामहिन्याने घटत जातं. ते यूव्ही मोजणाऱ्या मीटरनेच तपासावं, मीटर नसेल तर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत ती बदलावी.