एका सामन्याचा पुरावा

1 जानेवारी 2012. प्लेऑफमधलं, म्हणजे बाद फेरीतलं, स्थान पक्कं झाल्यामुळे अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्सनी आपला हुकमी क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ॲरन रॉजर्स याला बसवलं आणि मॅट फ्लिन मैदानात उतरला. चार वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यापासून खेळायला मिळालेला हा त्याचा दुसराच सामना. त्यात त्याने पासांवर 480 यार्ड अंतर कमावलं, 6 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) फेकले आणि डेट्रॉइट लायन्सला 45-41 असं हरवलं. आदल्या हंगामात 7-9 वर (7 विजय, 9 पराभव) अडकलेल्या सिअ‍ॅटल सीहॉक्सनी मार्चमध्ये त्याला तीन वर्षांसाठी घेतलं, 1 कोटी डॉलरच्या हमीसह.

न पारखलेल्या क्वार्टरबॅकवर पैसे लावावेत का, हा अमेरिकन फुटबॉलमधला वाद आजचा नाही. संघाचं जवळजवळ प्रत्येक आक्रमण याच एका खेळाडूच्या हातून सुरू होतं, त्यामुळे तो बरा नसेल तर बाकी दहा जण कितीही चांगले असले तरी फारसं निभत नाही. आणि खरा चांगला क्वार्टरबॅक सहसा कोणी सोडत नाही. उरतात ते दुसऱ्याच्या बाकावरचे.

या वादातलं सगळ्यांचं आवडतं उदाहरण ब्रेट फार्व्ह. 1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, अटलांटा फाल्कन्सनी त्याला 33व्या क्रमांकावर निवडलं. त्या हंगामात त्याचे पास चार: दोन प्रतिस्पर्ध्याच्या हातात, उरलेले दोन कोणाच्याच नाही. तेव्हा पॅकर्सची अवस्था 4-12. तरी त्यांचे नवे व्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी त्याच्यासाठी ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला. वेडेपणाच वाटावा, पण वुल्फ आधी न्यूयॉर्क जेट्समध्ये होते आणि त्यांना तेव्हाच फार्व्ह हवा होता. जेट्सचा नंबर होता 34वा! म्हणजे वुल्फ त्या चार पासांवर गेलेच नव्हते, त्याआधीचा मुलगा त्यांनी पाहिला होता. जानेवारी 1997 मध्ये पॅकर्स सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकले.

पुढे हिशोबच बदलला. खेळाडूंना करार संपल्यावर खुलेपणाने संघ बदलण्याची मुभा 1993 मध्ये मिळाली आणि 1994 पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी 3.46 कोटी डॉलरची. आता चुकीच्या माणसावर लावलेला पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जाणार. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या करारानंतर नवख्यांचे पगारही उतरले. 2010 मधला पहिल्या क्रमांकाचा सॅम ब्रॅडफर्ड याला 5 कोटी डॉलरची हमी होती. वर्षभराने कॅम न्यूटनचा सबंध चार वर्षांचा करार 2.2 कोटींचा. मग बाकावरचा महाग माणूस कशाला, ड्राफ्टमधलाच स्वस्त मुलगा का नको?

सिअ‍ॅटलने नकळत दोन्ही करून पाहिलं. फ्लिनला घेतल्यावर महिन्याभराने त्यांनी रसेल विल्सनला 75व्या क्रमांकावर उचललं आणि सरावात जो सरस ठरेल तो खेळेल असं धोरण ठेवलं. विल्सन सरस ठरला. दिलेल्या पैशाची लाज न बाळगता फ्लिनला बाकावर ठेवणं, हेच मला त्या व्यवस्थापनाचं खरं शहाणपण वाटतं. पुढच्या वर्षी फ्लिन ओकलंडला गेला आणि फेब्रुवारी 2014 मध्ये सिअ‍ॅटलने डेन्व्हर ब्रॉन्कोजना 43-8 असं लोळवून सुपर बोल जिंकला.

त्या डेन्व्हरचा राखीव क्वार्टरबॅक होता ब्रॉक ऑस्वायलर. 2015 मध्ये पेटन मॅनिंग जखमी झाल्यावर तो सात सामन्यांत उतरला, पाच जिंकले. तेवढ्यावर ह्यूस्टन टेक्सन्सनी त्याला चार वर्षांसाठी 7.2 कोटी डॉलर देऊ केले, त्यात 3.7 कोटींची हमी. पहिल्याच हंगामात 15 टचडाउन, 16 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). मार्च 2017 मध्ये त्याचा पगार गळ्यातून काढण्यासाठी ह्यूस्टनने त्याला क्लीव्हलंड ब्राउन्सकडे धाडलं आणि वर आपला दुसऱ्या फेरीचा हक्कही दिला. ब्राउन्सनी हंगाम सुरू होण्याआधीच त्याला मोकळं केलं. त्या हक्कावर त्यांनी 2018 मध्ये निक चब हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) घेतला.