खांद्याची कंडरा शिवताना: एक रांग की दोन?

खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा, फाटली आणि ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘दुर्बिणीतून की उघडून?’ प्रश्न रास्त आहे, पण निकाल बऱ्याचदा दुसऱ्याच गोष्टींवर ठरतो.

दंडाच्या हाडाचं गोल डोकं खांद्याच्या उथळ खोबणीत चार स्नायू धरून ठेवतात. त्यांच्या कंडरांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातली सर्वांत जास्त फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटसची, हात वर उचलायला लागणारी. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी ती शिवल्याचं १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. नंतर कित्येक दशकं हे काम खांदा उघडूनच होई. दुर्बीण आल्यावर छोट्या छिद्रांतून तेच जमू लागलं.

दोन्हींची थेट तुलना ब्रिटनमधल्या १९ रुग्णालयांत झाली. पन्नाशी ओलांडलेल्या २७३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले. ४८ पैकी गुण देणाऱ्या खांद्याच्या प्रश्नावलीत दोन्ही गट २५-२६ वरून दोन वर्षांत ४१ च्या पुढे गेले. फरक जवळजवळ नाहीच. पुन्हा तपासणी केली तेव्हा साधारण ४० टक्के रुग्णांची कंडरा परत फाटलेली आढळली, तीही दोन्ही गटांत.

मग टाके घालण्याच्या पद्धतीत काही बदल करता येईल का? इथे खरी रंगत आहे. हाडात छोटे अँकर रोवतात आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा हाडाशी बांधतात. अँकर एका रांगेत असले तर कंडरा एका रेषेवरच हाडाला टेकते. मूळची कंडरा मात्र रुंद पट्ट्यावर चिकटलेली असते. म्हणून दुसरी पद्धत निघाली: एक रांग सांध्याच्या कूर्चेलगत (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराला कूर्चा म्हणतात), दुसरी बाहेरच्या बाजूला, आणि आतल्या रांगेचे दोरे कंडरेवरून आडवेतिडवे नेऊन बाहेर आवळायचे. ट्रकवर ताडपत्री दोरांनी आवळतात, तशी कंडरा पूर्ण पट्ट्यावर दाबून बसते. प्रयोगशाळेत ताणून पाहिलं तर ही बांधणी जास्त भक्कम ठरते. मात्र अँकर वाढतात, वेळ वाढतो आणि बिलही वाढतं.

कॅनडातल्या ९० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. दोन वर्षांनंतर ताकद आणि जीवनमानाच्या गुणांत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नव्हता. कंडरा हाडाला धरण्याचं प्रमाण मात्र दोन रांगांत जास्त होतं, आणि फाट मुळात लहान असेल तेव्हाही जास्त होतं. माझ्या मते लहान फाटीला एक रांग पुरते. मोठ्या फाटीला दोन रांगांचा खर्च समजण्यासारखा आहे.

त्यातही एक धोका आहे. एका रांगेची शिवण निकामी झाली तर कंडरा बहुधा हाडापासूनच सुटते. दोन रांगांत हाडाजवळचा भाग टिकतो आणि फाट कधीकधी आतल्या रांगेपाशी, स्नायूच्या जवळ पडते. तिथे परत शिवायला कंडरा फारच थोडी उरते. त्यामुळे आतल्या टाक्यांवर किती ताण द्यायचा, यात सर्जनचा हात दिसतो.

खरी अडचण जीवशास्त्राची आहे. कंडरा हाडात उतरते तिथे मूळ रचनेत कूर्चेचे थर असतात. ते ऑपरेशननंतर तसेच्या तसे परत तयार होत नाहीत, व्रणासारखी ऊती जागा भरते. फाट जुनी असेल तर स्नायूत चरबी साठते आणि तो आखडतो. असा स्नायू ओढून शिवला तर टाके ताणाखाली राहतात. वय, मधुमेह आणि धूम्रपान यांनीही जुळणं मंदावतं. म्हणून एमआरआयचा रिपोर्ट हाती आला की स्नायूत चरबी किती आहे आणि कंडरा किती मागे सरकली आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तरीही परत फाटली म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. २००४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांपैकी १७ जणांची कंडरा वर्षभराने सोनोग्राफीत परत फाटलेली दिसली. तरी त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं आणि हातही वर जात होता.