प्रत्येक फेरीत सूर काय गमावतो?

यूट्यूबवर गिटार आणि टेप-लूपचं, म्हणजे टेपवर तेच सूर पुन्हापुन्हा फिरवत साचवलेलं संगीत शोधायला गेलं की दोन-तीन खरे तुकडे ऐकून होतात न होतात, तोच पुढची शिफारस येते: '४३२ हर्ट्झ, पेशी दुरुस्त करणारं संगीत, आठ तास'. मागे जांभळं आकाश, मधे पद्मासनात बसलेली आकृती. हे दोन्ही प्रकार एकाच फडताळात ठेवले जातात, याचा मला मनापासून राग येतो. टेपवर फिरणाऱ्या गिटारच्या सुरात जो मऊपणा असतो तो कुठल्या गूढ लहरींतून येत नाही. त्याचं कारण हेड (यंत्रातला टेपवर आवाज लिहिणारा किंवा वाचणारा भाग) आणि टेप यांच्यामधल्या फटीत आहे, ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजता येतं, आणि ते कळलं की तेच संगीत जास्त आवडू लागतं.

सप्टेंबर १९७२ मध्ये रॉबर्ट फ्रिप आपली गिटार घेऊन लंडनला ब्रायन ईनोच्या घरी गेला. फ्रिप 'किंग क्रिम्झन' या रॉक बँडचा गिटारवादक, तर ईनो तेव्हा 'रॉक्सी म्यूझिक'मध्ये सिंथेसायझर सांभाळायचा. ईनोने रेव्हॉक्स कंपनीचे दोन स्पूलवाले टेप-रेकॉर्डर शेजारी शेजारी मांडले होते. भरलेलं स्पूल पहिल्या यंत्रावर. तिथून टेप रेकॉर्ड हेडवरून सरकते, यंत्राबाहेर पडते, मधली मोकळी जागा ओलांडते, दुसऱ्या यंत्राच्या प्ले हेडवरून जाते आणि तिथल्या रिकाम्या स्पूलवर गुंडाळली जाते. दुसऱ्या यंत्राने वाचलेला आवाज स्पीकरकडे जातो, आणि एका वायरने परत पहिल्या यंत्राच्या इनपुटकडेही. त्या दिवशी वाजवलेला सुमारे एकवीस मिनिटांचा तुकडा म्हणजे १९७३ साली निघालेल्या 'नो पुसीफुटिंग' या रेकॉर्डची पहिली बाजू.

या मांडणीत टेप गोल फिरतच नाही. ती एका स्पूलवरून दुसऱ्यावर सरळ निघून जाते, पुन्हा कधी हेडखाली येत नाही. गोल फिरतो तो आवाज. गिटारचा एक सूर पहिल्या यंत्रात लिहिला जातो, थोड्या वेळाने दुसऱ्यात वाचला जातो, आणि वाचलेला सूर टेपच्या पुढच्या कोऱ्या भागावर नव्या सुरासोबत पुन्हा लिहिला जातो. मधला वेळ किती, ते अंतराला वेगाने भागलं की मिळतं. टेप सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडमध्ये १ मीटर अंतर असेल, तर सूर सव्वापाच सेकंदांनी परत येणार. यंत्र जरा लांब सरकवलं की हा काळ वाढतो.

ही युक्ती ईनोच्या आधीची आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने १९६३ साली पॅरिसमध्ये, फ्रेंच रेडिओच्या तंत्रज्ञाच्या मदतीने, दोन यंत्रांवरून एकच टेप फिरवून ती वापरली होती. हाच रायली १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे किराणा घराण्याची गायकी शिकू लागला. म्हणजे तंबोऱ्यांच्या मिरजेत येऊन स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं. टेपची कल्पना त्याला तिथून मिळाली असं म्हणता येणार नाही, ती आधीची होती. पण लांबवलेल्या एका सुरात रमणारा माणूस किराण्याच्या दारात जाऊन बसतो, यात मला नवल वाटत नाही.

आता मुद्द्याकडे. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर आयर्न ऑक्साइडच्या तपकिरी भुकटीचा लेप. या भुकटीचे कण सुईसारखे लांबट असतात, लांबी एका मायक्रॉनहूनही कमी. प्रत्येक कण एक इवलंसं लोहचुंबक. रेकॉर्ड हेडमधला प्रवाह जसा उलटसुलट होतो, तशी या कणांची दिशा बदलत जाते, आणि पुढे सरकणाऱ्या टेपवर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे पट्टे उमटतात. हवेतला आवाज काळात पसरलेला असतो, टेपवर तो लांबीत पसरतो. एका आंदोलनाला टेपवर किती जागा मिळते? टेपच्या वेगाला वारंवारतेने भागा. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सुमारे ८२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८२ आंदोलनं, म्हणून टेपवर २.३ मिलिमीटर. सर्वांत बारीक तार ३३० हर्ट्झ, म्हणून अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त, ५७७ मायक्रॉन. आणि नखीने तार छेडताना जो खणखणीत 'टण्' होतो त्यात १०,००० हर्ट्झपर्यंतचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर असतात. त्यांना मिळतात फक्त १९ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी.

प्ले हेडने हे पट्टे वाचायचे तर टेप त्याला अगदी चिकटून जायला हवी. प्रत्यक्षात मधे थोडीशी फट राहतेच. धूळ असते, हेडवर साचलेली ऑक्साइडची भुकटी असते, टेपचा पृष्ठभाग खडबडीत असतो. एवढ्याशा फटीने असं काय बिघडतं? शेजारशेजारचे पट्टे उलट दिशेचे आहेत, हे लक्षात घ्या. टेपला टेकून पाहिलं तर समोरच्या एकाच पट्ट्याचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं. थोडं दूर गेलं की बाजूच्या उलट पट्ट्यांचंही जाणवू लागतं आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. पट्टे जितके जवळजवळ, तितकी ही खोडाखोड लवकर सुरू होते. म्हणून तीच फट जाडजूड सुराला जाणवतही नाही आणि बारीक उपस्वराला मारून टाकते.

बेल लॅबोरेटरीज या अमेरिकन संशोधन संस्थेच्या आर. एल. वॉलेस यांनी १९५१ साली याचा नियम मांडला. फटीला तरंगलांबीने, म्हणजे एका आंदोलनाला टेपवर मिळालेल्या जागेने भागा आणि ५४.६ ने गुणा, की आवाजाचे किती डेसिबल (आवाजाची घट मोजायचं एकक) गेले ते उत्तर. इतकं सुटसुटीत सूत्र अभियांत्रिकीत क्वचितच सापडतं. फट १ मायक्रॉन धरू. ३३० हर्ट्झच्या सुराचे ०.०९ डेसिबल जातात, म्हणजे आवाजाचा आयाम (कंपनाचा जोर) ९९ टक्के शिल्लक. २,६४० हर्ट्झला ९२ टक्के. १०,००० हर्ट्झला ७२ टक्के.

एका फेरीत हा फरक कानाला जेमतेम कळेल. पण ईनोच्या मांडणीत वाचलेला सूर पुन्हा लिहिला जातो, पुन्हा वाचला जातो. घट चक्रवाढीने लागते. दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे आपल्या १ मीटरच्या हिशेबात पाऊण-एक मिनिटाने, ३३० हर्ट्झचा सूर ९० टक्के उरलेला असतो, २,६४० हर्ट्झचा ४२ टक्के, आणि १०,००० हर्ट्झचा चार टक्क्यांहूनही कमी. यंत्रातली सर्किटं वरच्या सुरांना थोडं उचलून धरतात हे खरं, पण ती स्वच्छ हेड आणि चांगली टेप गृहीत धरून बेतलेली असतात. फट त्यांना दिसत नाही.

कॅसेटच्या काळातल्या वाचकांना हे अनुभवाने माहीत आहे. कॅसेट सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर धावायची. वेग चौथा हिस्सा, म्हणून टेपवरची तरंगलांबीही चौथा हिस्सा, म्हणून तेवढ्याच धुळीने चौपट डेसिबल जाणार. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने हेड पुसलं की गाणं एकदम उजळायचं. बोळ्याला लागलेला तपकिरी डाग हीच ती मायक्रॉनभर फट. आणि खाजगी मैफलीच्या कॅसेटची कॉपी, तिची कॉपी, तिचीही कॉपी असं होत होत जी आपल्या हाती यायची, तिच्यात तबला गादीवर वाजवल्यासारखा का येतो, तेही याच सूत्रात आहे.

गिटारच्या बाबतीत या घटीचा परिणाम फक्त आवाज दबण्यापुरता राहत नाही. आपला कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी सुराच्या सुरुवातीवरून. पिएर शेफर या फ्रेंच रेडिओ अभियंत्याने १९४८ मध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातला टोल पडण्याचा क्षण वगळला आणि उरलेला नाद वाजवला. ऐकायला आला तो फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा आवाज. सुराची धारदार सुरुवात वरच्या उपस्वरांनीच घडलेली असते. ते गेले की धार जाते, छेडल्याची खूण पुसली जाते, आणि उरतो तो ऑर्गन की व्हायोलिन असा प्रश्न पाडणारा लांब सूर. फ्रिपची गिटार मुळातच फझ (सूर मुद्दाम खरखरीत करणारं उपकरण) लावलेली, लांब टिकणारी असते. उरलेलं काम टेप करते.

मग हे सगळं साचत का जातं, विरून का जात नाही? परत पाठवणाऱ्या वायरवर एक नॉब असतो. दर फेरीत अर्धा आवाज परत पाठवला तर १ + १/२ + १/४ + … अशी श्रेणी, बेरीज २. दर फेरीत ०.९५ परत आला तर बेरीज २०. आता वरची घट यात मिळवा. नॉब असा लावला की खर्जाला ०.९५ मिळतात पण वरच्या उपस्वरांना ०.७०. मग खर्ज वीसपट साचतो आणि वरचे उपस्वर जेमतेम सव्वातीनपट. टेप-लूपच्या संगीताचा तो दाट, बसकट तळ या दोन बेरजांतल्या फरकाने बनतो.

नॉब १ च्या पुढे गेला तर आवाज अनंत व्हायला हवा, पण टेप होऊ देत नाही. सगळे कण एका दिशेला वळले की आणखी वळायला कणच उरत नाहीत. ही मर्यादा एकदम येत नाही, हळूहळू येते, म्हणून आवाज फाटत नाही, दबत जातो. याच्या उलट टोकाला, फार क्षीण सूर असेल तर कण हलायलाच तयार नसतात आणि सूर वेडावाकडा उमटतो. १९४० साली बर्लिनमध्ये वाल्टर वेबर या अभियंत्याला यावरचा उपाय एका बिघडलेल्या, स्वतःच आंदोलन करू लागलेल्या अॅम्प्लिफायरमुळे सापडला. आवाजासोबत कानाला ऐकूच न येणारा, सेकंदाला लाखभर वेळा उलटणारा प्रवाह हेडला द्यायचा. रेकॉर्ड हेडपासून दूर सरकताना प्रत्येक कण अनेकदा उलटापालटा होतो, हे हेलकावे क्षीण होत जातात, आणि ते थांबतात तेव्हा मागे राहिलेलं चुंबकत्व मूळ आवाजाच्या प्रमाणात असतं. या प्रवाहाशिवाय क्षीण सुरांची वीसवी फेरी ऐकण्यालायक राहिली नसती.

आता त्या ४३२ हर्ट्झबद्दल, म्हणजे 'ए' हा सूर नेहमीपेक्षा थोडा उतरवून ४३२ ला लावण्याबद्दल. पाश्चात्त्य संगीतात 'ए' हा सूर ४४० हर्ट्झला लावायचा, हे १९३९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. ते सोयीसाठी ठरलं, निसर्गाने दिलेलं नाही. ४३२ ही तर हर्ट्झमधली संख्या, आणि हर्ट्झ सेकंदावर अवलंबून. दिवसाचे ८६,४०० भाग माणसांनी केले. वेगळे केले असते तर त्याच कंपनाला दुसरीच संख्या मिळाली असती. पेशींना ती कशी कळणार? आपल्याकडे तर गायक काळी एक, पांढरी चार असा स्वतःच्या गळ्याला झेपेल तो सा धरतो, आणि भैरवी प्रत्येक सा मध्ये भैरवीच राहते. दोन आकड्यांत अंतर १.८ टक्क्यांचं. जुन्या टेप-रेकॉर्डरचा पट्टा सैल झाला तरी सूर तेवढा उतरतो. संथ संगीताने जीवाला बरं वाटतं, हे कोणी नाकारत नाही. त्यासाठी खोटं विज्ञान चिकटवायची गरज नाही. दुखणं असेल तर डॉक्टरकडे जावं.

खरीखुरी गोल टेप वापरणारी पद्धतही आहे, आणि तिचं गणित शाळेतलं आहे. ईनोने १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'साठी टोकं जोडलेल्या लांबलचक टेपा जर्मनीतल्या एका स्टुडिओत अॅल्युमिनियमच्या नळीच्या खुर्च्यांभोवती फिरवल्या. त्याने पुढे एका व्याख्यानात तीन टेपांचे काळ अंदाजाने सांगितले: २३ १/२, २५ ७/८ आणि २९ १५/१६ सेकंद. हे तिन्ही सेकंदाच्या सोळाव्या भागात मोजा: ३७६, ४१४, ४७९. लसावि काढा: ३,७२,८१,५२८. म्हणजे हेच आकडे काटेकोर धरले तर तिन्ही टेपा पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला जवळजवळ २७ दिवस लागतील. तीन साधे तुकडे, आणि कोणालाही पुनरावृत्ती सापडू नये इतकं संगीत.

अशा बंद टेपेवर तोच ऑक्साइड वारंवार हेडवर घासतो. विल्यम बॅझिन्स्की याने २००१ मध्ये आपल्या १९८० च्या दशकातल्या टेपा संगणकावर उतरवायला घेतल्या, तेव्हा त्यांचा लेप वाजता वाजताच सुटू लागला आणि आवाजात भोकं पडत गेली. ती घट वॉलेसच्या सूत्राची नाही, इथे लेपच खरवडला जातो. ऐकताना दोन्हींतला फरक कळतो: एकात सूर हळूहळू मंदावतो, दुसऱ्यात तो मधेमधे गायबच होतो.

आजचे डिजिटल लूपर (वाजवलेला तुकडा टेपशिवाय पुन्हापुन्हा फिरवणारी उपकरणं) यातलं काहीच गमावत नाहीत. हजाराव्या फेरीतही ३३० आणि १०,००० हर्ट्झ जसेच्या तसे, म्हणून नखीचा तोच 'टण्' हजार वेळा ऐकू येतो आणि दोन-तीन मिनिटांत कान थकतो. टेपची नक्कल करणारे पेडल (गिटारला जोडायचं, पायाने चालवायचं उपकरण) बनवणाऱ्यांना परतीच्या वाटेवर मुद्दाम एक फिल्टर बसवावा लागतो, वेगात थोडी डगमग घालावी लागते. तुमच्याकडे असं पेडल किंवा मोफत अॅप असेल तर 'टोन'चा नॉब पूर्ण उघडा ठेवून एक तार छेडा, मग तो अर्ध्यावर आणून तीच तार छेडा आणि आठ-दहा फेऱ्या थांबा. मग फ्रिप-ईनोचा तो १९७२ चा तुकडा हेडफोनवर लावा. सुरुवातीला साचत जाणाऱ्या लांब सुरांमधला एकच धरून ठेवा. पुढे त्यावर जी धारदार गिटार येते ती बहुधा या फेऱ्यांमध्ये पाठवलेलीच नाही. कुठला सूर फिरवायचा आणि कुठला नाही हे ईनो वाजत असतानाच ठरवत होता, आणि फिरलेला व न फिरलेला सूर तिथे एकाच वेळी शेजारी शेजारी ऐकायला मिळतात.