टीएसएच नॉर्मल, थकवा तसाच

सतत थकवा असला की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे का हे बघायला रक्तातलं टीएसएच तपासतात. पण हे संप्रेरक थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून. रक्तात थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-4, कमी पडलं की पियूषिका टीएसएचची हाक मोठी करते, जास्त झालं की गप्प बसते. टी-4 थोडं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं, म्हणून बहुतेक रुग्णांमध्ये पहिली चाचणी म्हणून ते पुरतं.

पण हाक देणारी ग्रंथीच आजारी असेल तर? मग टी-4 खाली गेलेलं असतं आणि टीएसएच 2 किंवा 3, म्हणजे अगदी नॉर्मल दिसतं. रिपोर्ट बघून "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं जातं आणि बाई दुखणं अंगावर काढत राहते.

हे दुर्मिळ असलं तरी आपल्या देशात विसरून चालणार नाही. गरोदरपणात पियूषिका मोठी होते, रक्तपुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर तिचा काही भाग मरतो. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने 1937 मध्ये हे दाखवून दिलं. अशा बाळंतिणीला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, काखेतले केस विरळ होतात आणि मग वर्षानुवर्षं अंगात त्राण राहत नाही. काश्मीर खोऱ्यातल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्ये याचं प्रमाण सुमारे 3 टक्के आढळलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी घरी बाळंत झाल्या होत्या.

"बाळंतपणात खूप अंगावरून गेलं होतं का? दूध आलं होतं का?" एवढं विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही. ते न विचारता बाईला घरी पाठवणं मला अक्षम्य वाटतं. तुमच्या बाबतीत तसं घडलं असेल, तर वीस वर्षं झाली असली तरी स्वतःहून सांगा. इथे फ्री टी-4 (रक्तातलं मोकळं टी-4) आणि कॉर्टिसॉल (ताण पेलायला लागणारं संप्रेरक, त्यालाही हाक पियूषिकाच देते) दोन्ही तपासावी लागतात. कॉर्टिसॉलची कमतरता भरून न काढता थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं.

थायरॉइड मंदावण्याचा नेहमी आढळतो तो प्रकार वेगळा. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला हा आजार. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास 11 टक्के प्रौढांचा थायरॉइड मंदावलेला होता. त्यांतल्या साधारण एकतृतीयांश लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. टीएसएच किंचित वाढलेलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावं, सोबत अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उलटलेली प्रतिपिंडं, बघावं. ते पॉझिटिव्ह असेल तर आज ग्रंथी चालत असली तरी पुढे ती मंदावण्याची शक्यता जास्त, म्हणून दर वर्षी तपासणी हवी.

केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विशेष जपावं. अनेक लॅबच्या चाचणीपद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटंच कमी, टी-4 खोटंच जास्त येतं आणि मंद थायरॉइडचा माणूस कागदावर अतिक्रियाशील ठरू शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून.

सगळ्या चाचण्या खरोखर नीट आल्या, तरी थकवा खोटा ठरत नाही. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, नैराश्य यांच्याकडे वळायला हवं. डॉक्टरांकडे आग्रह धरायचा तो कारण शोधण्याचा. "गोळी तरी द्या" हा आग्रह अनेकदा फसतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, टीएसएच थोडंसंच वाढलेल्या 65 वर्षांवरील लोकांना वर्षभर थायरॉइडची गोळी देऊनही थकव्यात फरक पडला नव्हता.

दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, आधी काय आणि मग काय, घरात कुणाला थायरॉइड आहे का, बाळंतपणं कशी झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर ती रिकाम्या पोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्या. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब ठेवा. रक्तातलं टी-4 निम्मं व्हायला सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला वेळ जातो. पुढचं टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करा.